आगीत अडलेली मोटार : जग्वार एक्सकेएसएस

हर्सूल (छत्रपती संभाजीनगर) : ऑक्टोबर २०१० मध्ये या शहराने, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादने, एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज-बेन्झ गाड्या खरेदी करून साऱ्या देशाला चकित केले होते. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या सामूहिक खरेदीची चर्चा नंतर बराच काळ चालू राहिली. महागड्या गाडीचे अप्रूप येथे तेव्हापासून पुष्कळसे ओसरले. तथापि गाडी महाग असणे वेगळे आणि दुर्मीळ असणे वेगळे. इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे १९५७ साली जी एक मोटार तयार झाली, ती साऱ्या जगात मिळून सोळाच होती. पंचवीस करावयाच्या होत्या. उरलेल्या नऊ कारखान्याला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्या नऊ गाड्यांची उणीव भरून काढण्याचे ठरले ते तब्बल ५९ वर्षांनी, २०१६ मध्ये. तोपर्यंत त्या कंपनीची मालकी मुंबईच्या टाटा समूहाकडे आलेली होती. जग्वार एक्सकेएसएस हे त्या मोटारीचे नाव.

‘सुपरकार’ हा शब्द आज सर्रास वापरला जातो. यातील बहुतेक गाड्या रस्त्यासाठी बनतात आणि शर्यतीच्या गाडीचा केवळ आव आणतात. एक्सकेएसएसच्या बाबतीत हे उलटे घडले. ती मुळात शर्यतीचीच गाडी होती. तिला दुसरा दरवाजा, काच, छप्पर आणि बंपर लावून रस्त्यावर वावरण्याजोगी केली गेली. त्यामुळेच अनेक अभ्यासक तिला जगातील पहिली सुपरकार मानतात. हा मान वादाचा असू शकेल. परंतु तिच्या जन्मामागे कोणतीही भव्य योजना नव्हती, विकला न गेलेला माल खपविण्याची अगदी व्यापारी निकड होती, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

विमानाच्या विद्येतून घडलेली गाडी

एक्सकेएसएस समजून घ्यायची तर आधी डी-टाइपकडे वळावे लागते. सर विल्यम लायन्स यांनी १९२२ मध्ये ब्लॅकपूल येथे भागीदारीत मोटारसायकलींची साइडकार बनविण्याचा उद्योग सुरू केला. ‘स्वॅलो साइडकार’ या नावाच्या आद्याक्षरांशी जुळणारी ‘एसएस’ ही अक्षरे पुढे त्यांच्या मोटारींवर आली. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ‘एसएस’ दलामुळे ही अक्षरे इतकी बदनाम झाली, की १९४५ मध्ये कंपनीने ती टाकून देऊन ‘जग्वार’ हे नाव धारण केले. बारा वर्षांनी तीच अक्षरे एक्सकेएसएसच्या रूपाने परत यावीत, हा योगायोग म्हणावा लागेल.

या गाडीच्या इंजिनाची कथाही युद्धकाळातील. जर्मन विमाने कोव्हेंट्रीवर आगलावे बॉम्ब टाकीत असत. नोव्हेंबर १९४० मधील हल्ल्यात तर शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. कारखान्यांवर रात्रभर आगीचा पहारा ठेवावा लागे. त्या पहाऱ्याच्या रात्री लायन्स, मुख्य अभियंता विल्यम हाइन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली ही मंडळी युद्धानंतर बनवावयाच्या इंजिनाची चर्चा करीत बसत. त्या बैठकांतून सहा सिलिंडरचे, दोन कॅमशाफ्ट माथ्यावर असलेले ‘एक्सके’ इंजिन आकारास आले. १९४८ मध्ये ते एक्सके १२० या मोटारीत प्रथम लोकांसमोर आले आणि थोडेथोडके नव्हे, १९९२ पर्यंत निरनिराळ्या रूपांत बनत राहिले. आगीवर डोळा ठेवता ठेवता ज्या इंजिनाची कल्पना सुचली, त्याच इंजिनाची सर्वांत दुर्मीळ गाडी पुढे आगीनेच गिळली.

फ्रान्समधील ले मान्स येथे होणारी चोवीस तासांची शर्यत ही त्या काळी मोटार उत्पादकांची खरी परीक्षा समजली जाई. जग्वारने ती १९५१ आणि १९५३ मध्ये सी-टाइप या गाडीने जिंकली होती. १९५३ च्या विजयात डिस्क ब्रेकचा वाटा मोठा होता. आज आपल्याकडील मोटारसायकलींनाही असतो तो डिस्क ब्रेक तेव्हा शर्यतीच्या मैदानावर नवा होता. वेगात असलेली गाडी प्रतिस्पर्ध्याच्या बरीच पुढे जाऊन, अगदी वळणाच्या तोंडाशी थांबवता येणे म्हणजे प्रत्येक फेरीत काही क्षण कमावणे. चोवीस तासांत त्या क्षणांचे मैल होत.

सी-टाइपची जागा घेणारी डी-टाइप १९५४ मध्ये आली. तिचा आकार ठरविणारे माल्कम सेयर हे मूळचे ब्रिस्टल या विमान कंपनीतील. त्यांनी मोटारीकडे विमानाच्या नजरेने पाहिले. गाडीचा मधला भाग, जेथे चालक बसतो तो, पत्रे रिव्हेटने जोडून केलेला एक पोकळ पण भक्कम कवचासारखा सांगाडा होता. विमानाचे धड असेच बनते. निराळ्या जड चौकटीची गरज त्यामुळे उरली नाही. इंजिन व पुढची चाके पेलण्यासाठी नळ्यांची चौकट पुढे जोडलेली होती. इंजिनाखालची तेलाची टाकी काढून तेल वेगळ्या टाकीत ठेवल्यामुळे इंजिन खाली बसविता आले आणि बॉनेट ठेंगणे झाले. चालकाच्या डोक्यामागे माशाच्या परासारखे उभे पाते होते. सरळ रस्त्यावर भन्नाट वेगात गाडी डगमगू नये, हे त्याचे काम.

या वेगाची कल्पना येण्यासाठी एक हिशेब पाहावा. ले मान्सच्या मार्गावरील सर्वांत लांब सरळ पट्टा तेव्हा सुमारे सहा किलोमीटरचा होता. ढोबळमानाने आपल्या शहराच्या मध्यापासून हर्सूल गावापर्यंतचे अंतर. डी-टाइप या पट्ट्यावर ताशी २७० किलोमीटरच्या पुढे जात असे. म्हणजे हे अंतर ती दीड मिनिटाच्या आत तोडी, तेही रात्री, पावसात आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या टायरवर.

डी-टाइपने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षे ही शर्यत जिंकली. पहिल्या विजयावर मात्र काळी छाया आहे. ११ जून १९५५ रोजी शर्यत सुरू असताना मर्सिडीजची एक गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे अवशेष प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मोटारशर्यतींच्या इतिहासातील हा सर्वांत भीषण अपघात. मर्सिडीजने रात्रीच आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. जग्वारने घेतल्या नाहीत. माइक हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब यांनी ती शर्यत जिंकली. त्या निर्णयाबद्दल आजही दोन मते आहेत.

उरलेल्या पंचवीस

ऑक्टोबर १९५६ मध्ये जग्वारने कारखान्याचा अधिकृत संघ शर्यतींतून मागे घेत असल्याचे जाहीर केले. डी-टाइप खासगी संघांना विकली जात होतीच आणि १९५६ व १९५७ चे विजय स्कॉटलंडच्या ‘एकुरी एकोस’ या खासगी संघाने मिळविलेले आहेत. परंतु शर्यतीच्या गाडीला गिऱ्हाईक किती असणार? ती रोजच्या वापरासाठी नव्हती, दोन माणसे नीट बसवीत नव्हती. ब्राउन्स लेनच्या कारखान्यात पूर्ण व अर्धवट मिळून पंचवीस डी-टाइप पडून राहिल्या. कुठल्याही कारखानदाराला ठाऊक असते, की गोदामातील न खपलेला माल म्हणजे गोठलेले भांडवल.

अमेरिकेत या वेळी वेगळे वारे होते. युद्धानंतर श्रीमंत झालेल्या तरुण अमेरिकनांना युरोपीय स्पोर्ट्स कारचे वेड लागले होते. शनिवार-रविवारी हौशी शर्यती होत. विक्रीतील गाड्यांसाठी त्यांत स्वतंत्र वर्ग असे. त्या वर्गात शिरायचे तर गाडी रस्त्यावर चालविण्याजोगी असावयास हवी. डी-टाइपला थोडे माणसाळवले, तर हे गिऱ्हाईक मिळेल, असा लायन्स यांचा होरा होता. जानेवारी १९५७ मध्ये एक्सकेएसएसची घोषणा झाली.

बदल पाहिले तर ते किती जुजबी होते हे लक्षात येते. चालकाच्या मागचे उभे पाते काढून टाकले. दोन आसनांमधील आडवी भिंत काढली आणि शेजारच्या बाजूला दरवाजा दिला. पूर्ण रुंदीची चौकटीची काच बसविली, बाजूला काढता-घालता येणारे पडदे, वर दुमडणारे कापडी छप्पर, पुढेमागे बारीक बंपर. आसनांना चामडे. सामान ठेवायला जागाच नव्हती, कारण मागच्या भागात इंधनाची टाकी आणि जादा चाक होते; म्हणून मागच्या पाठीवर सामानाची उघडी जाळी ठोकली. बाकी सर्व तेच. ३४४२ सीसीचे सहा सिलिंडर इंजिन, तीन वेबर कार्बोरेटर, २५० अश्वशक्तीच्या आसपास ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि वजन अवघे नऊशे किलोच्या घरात. ताशी २४० किलोमीटरच्या आसपास वेग गाठणारी ही गाडी घरून बाजारात नेता येत होती. तिच्यात बसणाऱ्याला इंजिनाची धग पायांना लागे, आवाजाने बोलणे ऐकू येत नसे. पण ज्याला हे नको असेल, त्याच्यासाठी जग्वार सलून गाड्या बनवीत होतीच.

घोषणेला महिनाही लोटला नव्हता, तोच १२ फेब्रुवारी १९५७ च्या संध्याकाळी ब्राउन्स लेनच्या कारखान्यात आग लागली. पाहता पाहता कारखान्याचा मोठा भाग तिच्या कवेत आला. शेकडो गाड्या जळाल्या. त्यांत एक्सकेएसएसमध्ये रूपांतरित व्हावयाच्या पंचवीसपैकी नऊ गाड्याही होत्या. कामगारांनी काही दिवसांतच ढिगारा उपसून नेहमीच्या गाड्यांचे उत्पादन अंशतः सुरू केले, ही त्या काळी फार मोठी कामगिरी मानली गेली. एक्सकेएसएस मात्र पुन्हा उभी राहिली नाही.

वास्तविक नऊ गाड्यांचे नुकसान फारसे नव्हते. पत्रा पुन्हा आणता आला असता, इंजिने तर तयारच होती. नाहीशी झाली ती त्या गाड्यांची साचे-सामग्री, जिच्यावर पत्र्याला आकार येतो आणि सुटे भाग जागच्या जागी धरून जोडले जातात. वाळूज किंवा शेंद्रा येथे पत्र्याचे काम करणाऱ्या छोट्या कारखानदाराला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. बनवलेला माल जळाला तर महिन्याभराची कमाई जाते. डाय आणि जिग गेले तर धंदाच जातो. अवघ्या नऊ गाड्यांसाठी ही सामग्री नव्याने बनविणे जग्वारला परवडणारे नव्हते. हिशेब तेथेच संपला.

सोळा कुठे गेल्या?

पूर्ण झालेल्या सोळा गाड्यांपैकी बारा अमेरिकेत, दोन कॅनडात, एक हाँगकाँगला गेली आणि एक ब्रिटनमध्ये राहिली. हाँगकाँगच्या टापूतील गाडीची हकिकत फारशी सांगितली जात नाही, पण ती रंजक आहे. शेजारच्या मकावमध्ये, तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीत, शहराच्या रस्त्यांवरून ग्रां प्री भरते. १९५९ मध्ये रॉन हार्डविक आणि १९६० मध्ये मार्टिन रेडफर्न यांनी ती एक्सकेएसएस चालवून जिंकली. रस्त्यासाठी सजवलेली गाडी अखेर रस्त्यावरच्या शर्यतीत आपल्या मूळ पेशाकडे वळली.

सर्वांत गाजली ती मात्र हॉलिवूडचा अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन याची गाडी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे पुरता प्रसिद्ध होण्याआधी, त्याने ती वापरलेली अशी विकत घेतली. पांढऱ्या रंगाची ती गाडी त्याने ब्रिटिश शर्यतींच्या गडद हिरव्या रंगात रंगवून घेतली, आतले लाल चामडे बदलून काळे केले आणि तिला ‘ग्रीन रॅट’, म्हणजे हिरवा उंदीर, असे नाव पडले. लॉस एंजलिसच्या डोंगरातील वळणांच्या रस्त्यांवर तो ती बेफाम हाकीत असे. साठच्या दशकात त्याने ती नेवाडातील संग्राहक विल्यम हॅरा यांना विकली, नंतर चुटपुट लागून १९७७ मध्ये परत मिळविली आणि १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडली नाही. ही गाडी पुढे लॉस एंजलिसच्या पीटरसन मोटार संग्रहालयात आली. एखाद्या यंत्राची कीर्ती त्याच्या गुणांवर किती आणि ते कोणाच्या हाती पडले यावर किती अवलंबून असते, हा प्रश्न येथे पडल्याखेरीज राहत नाही. उरलेल्या पंधरा गाड्यांच्या मालकांची नावे आज किती जणांना आठवतात?

एक्सकेएसएस आणि डी-टाइपचा खरा वारसा चालविला तो १९६१ मध्ये आलेल्या ई-टाइपने. आकार पुन्हा माल्कम सेयर यांचा, सांगाड्याची पद्धत तीच, इंजिन तेच. ती मात्र सोळा नव्हे, सत्तर हजारांहून अधिक बनली.

पुन्हा तोच प्रयोग

शर्यतीची गाडी रस्त्यावर आणण्याचा प्रयोग जग्वारच्या नावाने पुन्हा झाला तो तेहतीस वर्षांनी. तोवर शर्यतींचे काम टॉम वॉकिनशॉ यांच्या संस्थेकडे सोपविलेले होते. त्यांच्या एक्सजेआर-९ या गाडीने १९८८ मध्ये ले मान्स जिंकून जग्वारला १९५७ नंतरचा पहिला विजय मिळवून दिला. त्याच गाडीच्या आधारे एक्सजेआर-१५ ही रस्त्यावर चालणारी मोटार तयार करण्यात आली आणि नोव्हेंबर १९९० मध्ये तिची घोषणा करण्यात आली. मूळ शर्यतीच्या गाडीची रचना टोनी साउथगेट यांची, तर रस्त्यावरच्या गाडीचे बाह्यरूप पीटर स्टीव्हन्स यांचे. पुढे मॅकलारेन एफ-१ चे रूप ठरविणारे हेच ते स्टीव्हन्स. सांगाडा आणि बॉडी दोन्ही कार्बन फायबरची, असे रस्त्यावरच्या गाडीत प्रथमच घडत होते. सहा लिटरचे बारा सिलिंडर इंजिन, ४५० अश्वशक्ती, वजन हजार-अकराशे किलोच्या दरम्यान. एकंदर पन्नासच्या आसपासच गाड्या बनल्या आणि किंमत होती सुमारे पाच लाख पौंड.

या गाड्यांसाठी १९९१ मध्ये मोनॅको, सिल्व्हरस्टोन आणि बेल्जियममधील स्पा येथे तीन शर्यतींची खास मालिका भरविण्यात आली. शेवटच्या शर्यतीच्या विजेत्याला दहा लाख डॉलर, असे आमिष होते. ते आर्मिन हाने या जर्मन चालकाने पटकावले. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर या अब्जाधीशांच्या गाड्या एकमेकींवर आदळताना पाहणे हा प्रेक्षकांसाठी निराळाच तमाशा होता. एक्सजेआर-१५ वेगवान होती, देखणी होती. तरीही एक्सकेएसएसभोवती जी आपुलकी आहे, ती तिला लाभली नाही. एक गरजेतून जन्मली होती, दुसरी तेजीच्या काळातील श्रीमंतांच्या हौसेतून. हा फरक पाहणाऱ्यालाही जाणवतो.

मुंबईकडे आलेला वारसा

याच सुमारास, १९८९ मध्ये, फोर्ड या अमेरिकी कंपनीने जग्वार विकत घेतली. पुढे लँड रोव्हरही फोर्डकडे आली. जग्वार मात्र फोर्डच्या काळात नफ्यात आली नाही. अखेर २६ मार्च २००८ रोजी टाटा मोटर्सने दोन्ही ब्रिटिश नाममुद्रा २३० कोटी डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला आणि २ जून २००८ रोजी व्यवहार पूर्ण झाला. ज्या टाटांनी जेमतेम दहा वर्षांपूर्वी पुण्यात इंडिका ही आपली पहिली संपूर्ण स्वदेशी छोटी मोटार बनविली होती, त्यांनी हे धाडस करावे याबद्दल इंग्लंडमध्ये आणि भारतातही शंका व्यक्त झाल्या. जागतिक मंदीने त्या शंकांना लगेच बळही दिले. त्यानंतर कंपनी सावरली आणि २०११ मध्ये पुण्यात लँड रोव्हरच्या गाड्यांची जुळणीही सुरू झाली.

या व्यवहारात कारखाने, पेटंटे आणि कर्जे यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट टाटांकडे आली, जिची किंमत ताळेबंदात धरली गेली नसावी. ती म्हणजे जुन्या नोंदवह्या. कोणती गाडी, कोणत्या क्रमांकाची, कधी बनली, कोणाला गेली, याचे बाड. त्या नोंदींत काही ठिकाणी संकल्प आणि सिद्धी यांत तफावत होती. १९६३ मध्ये वजनाने हलक्या अशा अठरा ई-टाइप करावयाच्या ठरल्या होत्या, झाल्या बाराच. २०१४ मध्ये कंपनीने उरलेल्या सहा बनविण्याचे जाहीर केले. हा प्रयोग यशस्वी ठरला आणि मार्च २०१६ मध्ये नऊ एक्सकेएसएस पूर्ण करण्याचा निर्णय जाहीर झाला.

निर्णय सोपा होता, काम सोपे नव्हते. साचे १९५७ मध्येच गेले होते. म्हणून मूळच्या काही गाड्या गोळा करून त्यांचे संगणकावर बारकाईने मापन केले गेले. या मापांवरून लाकडी नमुन्याप्रमाणे वापरायचा नवा साचा बनला आणि त्यावर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा पूर्वीच्याच पद्धतीने, चाकाच्या यंत्रावर हाताने फिरवून फिरवून आकारास आणला गेला. चौकटीच्या नळ्यांसाठी सायकलच्या नळ्यांकरिता नावाजलेल्या रेनॉल्ड्स या कंपनीची मदत घेण्यात आली. नळ्यांची मापे जुन्या इंची पद्धतीतली होती, ती बाजारात मिळेनात. जोड ब्रॉन्झने दिले गेले. एका गाडीत दोन हजारांहून अधिक रिव्हेट ठोकावे लागले. इंजिनाचे ओतकामही नव्याने झाले. त्याची ताकद २६२ अश्वशक्ती. ब्रेक डनलॉपचेच, डिस्कचेच. चाके पूर्वीप्रमाणे दोन तुकडे रिव्हेटने जोडलेली. डॅशबोर्डावरील घड्याळे स्मिथ्सची. लाकडी स्टिअरिंगपासून चामड्याच्या पोतापर्यंत सर्व जसेच्या तसे. सुरक्षेसाठी जे मोजके बदल झाले, त्यांत इंधनाच्या टाकीतील आधुनिक मजबूत थैली ही मुख्य. एका गाडीमागे दहा हजार मनुष्यतास लागतील, असा कंपनीचा अंदाज होता. एकच कामगार रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस काम करीत राहिला, तर एका गाडीला चार वर्षे लागतील.

या कामाचे खरे मोल येथे आहे. हाताने पत्रा घडविणारे कारागीर इंग्लंडमध्येही आता मोजकेच उरले आहेत. यांत्रिक दाबयंत्राच्या एका ठोक्यात दरवाजा तयार होत असताना ही विद्या शिकावयास कोण येणार? नऊ गाड्यांच्या निमित्ताने एक पिढी ती शिकली. २०१७ मध्ये कोव्हेंट्रीजवळ जुन्या गाड्यांच्या दुरुस्ती व पुनर्निर्मितीसाठी जग्वार लँड रोव्हरने मोठी कार्यशाळा उघडली, तिला आधार मिळाला तो अशाच कामांचा. २०१८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये पुढची घोषणा झाली. ठरवल्याप्रमाणे शंभर डी-टाइप कधीच झाल्या नव्हत्या, पंच्याहत्तरवरच काम थांबले होते. उरलेल्या पंचवीस आता बनणार होत्या.

अस्सल कोणती?

या नऊ गाड्यांची किंमत प्रत्येकी दहा लाख पौंडांहून अधिक होती; तेव्हाच्या दराने आठ-नऊ कोटी रुपये. तरीही त्या चटकन विकल्या गेल्या. वाद उपस्थित झाला तो नंतर. आगीत गेलेल्या गाड्यांचे क्रमांक यांना दिलेले नाहीत. एक्सकेएसएसच्या मूळ चेसिस-नोंदवहीतून त्या काळाला साजेसे नवे क्रमांक दिले गेले. कारखाना तोच, आराखडा तोच, नोंदवही तीच. मग या गाड्या अस्सल म्हणायच्या की नकला?

कंपनीची भूमिका स्पष्ट होती. मूळ निर्मात्यानेच बनविलेल्या या गाड्या नकला नसून अपुरे राहिलेले काम पुढे नेणाऱ्या आहेत, असे तिचे म्हणणे. संग्राहकांपैकी अनेकांना ते मान्य नाही. गाडीचे मोल तिच्या आयुष्यात आहे, असे त्यांचे मत. ती कोणी चालविली, कुठे आदळली, कोणत्या हिवाळ्यात कोणत्या गॅरेजात पडून होती, हे सारे मिळून ती गाडी होते. २०१६ मध्ये जन्मलेल्या गाडीला १९५७ ची आठवण कुठून असणार?

बाजाराने या वादात आपला कौल दिलेला आहे आणि तो जुन्या गाडीच्या बाजूचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील लिलावात एक मूळ एक्सकेएसएस १ कोटी ३२ लाख डॉलरना विकली गेली. नव्या गाडीच्या मूळ किमतीच्या जवळपास दसपट. डी-टाइपचे आकडे तर याहून मोठे आहेत. १९५६ ची ले मान्स जिंकणारी गाडी २०१६ मध्ये २ कोटी १७ लाख डॉलरवर गेली, तेव्हा कोणत्याही ब्रिटिश मोटारीला लिलावात मिळालेली ती सर्वोच्च किंमत होती.

तरीही नव्या नऊ गाड्यांना केवळ धनिकांचे खेळणे म्हणून मोडीत काढणे योग्य ठरणार नाही. मूळ सोळा गाड्या आता इतक्या मौल्यवान झाल्या आहेत, की त्यांचे मालक त्या वेगाने चालवायला कचरतात. शर्यतीसाठी घडलेले यंत्र काचेआड उभे राहते. नव्या गाड्यांचे मालक तुलनेने निर्धास्तपणे त्या मैदानावर आणू शकतात आणि सहा सिलिंडरचा तो आवाज आजच्या पिढीला प्रत्यक्ष ऐकता येतो. शिवाय मूळ गाडीचा एखादा भाग निकामी झाला, तर तो बनविण्याची सोय आता पुन्हा अस्तित्वात आहे. १९५७ ते २०१६ या काळात ती नव्हती.

नवी पहिली एक्सकेएसएस लोकांसमोर आली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये, लॉस एंजलिसच्या पीटरसन संग्रहालयात. मॅक्वीनची हिरवी गाडी जेथे ठेवली आहे, तेथेच. ज्या ब्राउन्स लेनमध्ये आग लागली होती, तेथील मोटारींचे उत्पादन मात्र त्याच्या किती तरी आधी, २००५ मध्ये, फोर्डच्या अमदानीतच थांबले होते.